पानाखालची तीन भोकं

"माझ्या झाडाचे केस बदललेत," ती मुलगी म्हणाली आणि रडकुंडीला आली.

भाच्याने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. औषधाच्या दुकानात त्याने केसांच्या नाना तक्रारी ऐकल्या होत्या, पण झाडाच्या केसांची ही पहिलीच. आत्या मात्र हसली नाही. विमा कंपनीत असताना तिने जन्मभर लोकांची खोटी नुकसानं हुडकली होती. आता निवृत्तीनंतर ती हौसेने दुसऱ्यांच्या भानगडी सोडवायची आणि सोबतीला भाच्याला ओढून न्यायची.

"पहिल्यापासून सांग," आत्या म्हणाली.

मुलगी वनस्पतिसंग्रहालयात संशोधन करत होती. खाणीला लागून असलेल्या कड्यावर तिला वॉलफ्लॉवर या फुलझाडाची एक दुर्मिळ रानटी जात सापडली होती.

"साधं रानटी वॉलफ्लॉवर कुठेही उगवतं. फुलं दोन्हींची पिवळी, चार पाकळ्यांची. शेंगाही सारख्याच. फरक फक्त पानावरच्या केसांत. साध्याचे केस दोन टोकांचे असतात, होकायंत्राच्या काट्यासारखे. माझ्याचे तीन टोकांचे, कोंबडीच्या पावलासारखे. मी स्वतः पाहिलेत! आणि काल सरांनी सगळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, तर दोनच टोकं."

"मग दुसरं झाड आण की," भाचा म्हणाला.

"खाणवाल्यांनी कड्याला कुंपण घातलंय. उद्या दहाला समिती येणार, आणि नमुना हा एकच. तीन टोकं दिसली तर खाण थांबेल, नाहीतर परवा सुरुंग. तिथे जेमतेम साठ झाडं आहेत हो! मी खोटारडी ठरेन ते वेगळंच. सर तर इतके चिडलेत, की झाड टाचलेल्या कागदाला हात लावायचीही बंदी केलीय मला."

"सर म्हणजे?"

"संग्रहपाल. भिंग कसं धरायचं हे त्यांनीच शिकवलं मला."

दुपारी तीनला तिघं संग्रहालयात पोचली. लांब टेबल, भिंतभर लोखंडी कपाटं आणि कोपऱ्यात बेसिन. वाळवलेलं झाड जाड कागदावर दोऱ्याने टाचलेलं होतं. खाली मुलीच्या अक्षरात यंदाची तारीख होती. शेजारच्या कागदांवरची यंदाचीच झाडं मात्र पार चाळण झालेली.

"गेल्या महिन्यात या कपाटाला कीड लागली," मुलगी म्हणाली. "फ्रीझरमध्ये ठेवून मारली."

आत्याने पेन्सिलीच्या टोकाने तिच्या झाडाचं एक पान अलगद उचललं. पानाखाली कागदाला मोहरीएवढी तीन भोकं होती. पान धडधाकट होतं.

आत्याने चहा-बिस्किटं मागवली आणि मुलीला बाहेर बसवून तिथे काम करणाऱ्या एकेकाला बोलावलं.

आधी चित्रकारबाई आल्या. नमुन्यांची चित्रं त्या काढायच्या.

"माझा भाऊ खाणीत ट्रक चालवतो, म्हणून माझ्यावर संशय ना?" त्यांनी मुलीच्या झाडाचं पान बोटाने चाचपलं आणि रागारागाने बिस्कीट मोडून तोंडात टाकलं. "मी केस बघत नाही. मी आकार काढते."

मग डिंकमामा. नमुने कागदावर टाचायचं काम त्यांचं.

"ही पोरगी माझ्या टाक्यांना नावं ठेवते. म्हणून काय मी झाड बदलीन?" त्यांनी तेच पान बाजूला सारून दोरा दाबला, बोट जिभेला लावलं आणि दोऱ्याचं टोक वळलं. "पूर्वी कीड लागायचीच नाही. झाडं पाऱ्याच्या विषात बुडवायचो. वीस वर्षं झाली, बंद केलं. ती जुनी झाडं त्या हिरव्या कपाटात आहेत. चावी सरांकडे. हात लावला की साबणाने धुवायचे, ही सरांचीच शिस्त."

शेवटी सर आले. उंच, वाकलेले, मृदू आवाजाचे. किडीने काय नासधूस केली ते दाखवायला त्यांनी शेजारचा कागद काढला, चाळण झालेली पानं बोटाने उलटली, बोलता बोलता एक बिस्कीट खाल्लं.

"मुलगी हुशार आहे, पण उतावळी," ते म्हणाले. मग मुलीचा कागद ओढून त्यांनी एक पान सरळ केलं. "बघा, साधंच वॉलफ्लॉवर आहे."

आत्याने बशी पुढे केली. सर उठले, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मग बिस्कीट घेतलं. किती टापटिपीचा माणूस, भाच्याला वाटलं.

ते गेल्याबरोबर आत्या साबण घेऊन बाहेर धावली आणि चित्रकारबाई, डिंकमामा या दोघांनाही तिने दरडावून हात धुवायला लावले, चूळ भरायला लावली. भाच्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

पाच वाजता सगळे टेबलाभोवती जमले.

"झाड बदललंय," आत्या म्हणाली. "कीड पान सोडून पानाखालचा कागद खाईल का? भोकं पडली तेव्हा या कागदावर दुसरं झाड होतं. ते कोणीतरी गेल्या महिन्याभरात काढलं आणि त्याच टाक्यांत हे बसवलं. आता कोणी? दोघांनी या पानाला हात लावला. एकीने त्याच हाताने बिस्कीट खाल्लं, दुसऱ्याने बोट जिभेला लावलं. त्यांच्या लेखी हे यंदाचं झाड. यंदाच्या झाडाला विष नसतं."

आता भाच्याच्याही डोक्यात प्रकाश पडला.

"सर, तुम्ही शेजारचा कागद हाताळून खुशाल बिस्कीट खाल्लंत. हा हाताळलात आणि बेसिन गाठलंत. हे झाड विषाच्या कपाटातलं आहे, हे ते इथे आणणाऱ्यालाच माहीत असणार."

सर खुर्चीत बसले.

"तीस वर्षांपूर्वी त्या डोंगराचा अर्धा भाग खाणीला द्यायचा होता," ते म्हणाले. "मला विचारलं. मी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं, साधंच आहे, द्या. भिंग काढायचा कंटाळा केला. हिचं खरं ठरलं तर तो अर्धा डोंगर माझ्यामुळे गेला."

"म्हणून मला खोटं पाडलंत?" मुलगी म्हणाली.

"आणि खरं झाड?" भाच्याला राहवेना. "जाळलं असेल!"

"नमुना?" सर ताडकन उठले. "नमुना जाळीन मी?"

"तेच ऐकायचं होतं," आत्या म्हणाली.

सरांनी किल्ली काढली. हिरव्या कपाटात, जुन्या झाडाच्या रिकाम्या जागी, कोऱ्या कागदात गुंडाळलेलं झाड होतं. वर पेन्सिलीने मुलीचाच नमुना क्रमांक. एका पानाला तीन भोकं होती. सरांनी स्वतः टेबलावरच्या कागदावरचं पान बोटाने बाजूला सारलं आणि हे पान चिमट्याने तिथे धरलं. भोकावर भोक तंतोतंत बसलं.

मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "तीन," ती म्हणाली आणि आता मात्र ती खरोखरच रडली. मग बाजूला झाली. "तुम्ही बघा, सर."

सर वाकले. तीस वर्षांपूर्वी जे दोन मिनिटांत झालं असतं, ते बघायला त्यांना फार वेळ लागला.

"तीन," ते म्हणाले. "उद्या समितीला मीच सांगतो. गेलेल्या अर्ध्या डोंगराचंही सांगतो."

"आणि कागदाला हात लावू नकोस म्हणालात, ते रागाने नव्हतं?" मुलीने विचारलं.

"विष आहे त्याला, पोरी," सर म्हणाले आणि डोळे पुसायला त्यांनी तोच हात वर नेला. जन्मात पहिल्यांदा ते विसरले होते.

मुलीने त्यांचं मनगट धरलं.

"आधी हात धुवा, सर," ती म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण साबण तिनेच पुढे केला.