सगळ्यांचं उत्तर एकच

त्या मुलीने खुर्चीत बसण्याआधीच सांगून टाकलं, "आज संध्याकाळी माझ्या बाबांच्या जिवाला धोका आहे. आणि ज्या अहवालामुळे तो आहे, त्याच्यावर सही माझी असेल."

भावजींचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. उभं आयुष्य लोकांना मोटार शिकवण्यात गेलेलं. धास्ती बसली की त्यांचा पाय ब्रेक शोधायचा. आता शेजारी शिकाऊ माणूस नव्हता, मोटारही नव्हती, पण पाय काही ऐकत नव्हता.

वहिनींनी चष्मा पुसला. दारावरची 'खासगी तपास' ही पाटी त्यांची होती. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता त्यांचे केस पांढरे झाले होते. भावजी त्यांचे धाकटे दीर. तपासात त्यांचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर वहिनी म्हणत, "ते मोठ्याने विचार करतात, मग चूक कुठे आहे ते मला दिसतं."

"बस पोरी, आणि पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

मुलगी एका संशोधन संस्थेत नोकरीला होती. गावाबाहेरच्या मोठ्या शीतगृहात कामगारांना किती सुरक्षित वाटतं, हे मोजायचं काम संस्थेकडे आलं होतं. दहा विधानं होती. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. कामगाराने हवा तो आकडा गोल करायचा, नाव लिहायचं नाही.

"विधानांचा कच्चा मसुदा मी केला. मग तापाने आडवी झाले. छपाई, वाटप, आकडेमोड, सगळं माझ्यामागे झालं. परत आले तर अहवाल तयार! कामगारांना सुरक्षित वाटतं, म्हणे. त्या भरवशावर आज संध्याकाळच्या पाळीला गारव्यासाठी विषारी अमोनिया वायूची नवी लाइन सुरू होणार. बाबा त्याच थंड खोलीत पेट्या रचतात."

"मग बिघडलं कुठे?"

तिने एक छापील पान पुढे केलं. "मी दहा विधानं लिहिली होती. इथे विश्वसनीयता काढलीय ती नऊ विधानांची. चौथं गायब. ते धोक्याच्या भोंग्याचं होतं, 'भोंगा मला माझ्या जागेवर ऐकू येतो.'"

"विश्वसनीयता म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"सगळी विधानं एकाच गोष्टीबद्दल एका सुरात बोलतात का, ते सांगणारा आकडा. पण एखाद्या विधानाला सगळ्यांनी तेच उत्तर दिलं, उत्तरांत फरकच नसला, तर प्रोग्राम ते विधान बाहेर काढतो. त्याच्याकडून मोजायला काही मिळत नाही."

"बरोबरच आहे," भावजी म्हणाले. "माझ्या परीक्षेत सगळेच पास झाले, तर हुशार कोण ते कसं कळणार?"

"सगळेच नापास झाले तरी कळणार नाही, भावजी," वहिनी पानावरून नजर न काढता म्हणाल्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना होती: 'वि४उ, विचरण (उत्तरांतील फरक) शून्य, वगळले.' वरच्या तक्त्यात वि१, वि२, वि३, वि५ अशी नावं होती. सहाव्या आणि नवव्याला तेवढं 'उ'चं शेपूट होतं.

"उ म्हणजे उत्तर असेल," भावजींनी ठोकून दिलं.

"मलाही तसंच वाटलं," मुलगी म्हणाली.

"मग बाकीच्यांना उत्तर नाही का?" वहिनींनी पान घडी करून पिशवीत टाकलं. "तुझा संशय काय आहे?"

"कोणीतरी आकडे बदललेत. आत भोंगा कोणालाच ऐकू येत नाही, हे बाबा घरी दहादा बोललेत. आणि परवा मी विचारलं, तर म्हणतात, मी पाचला गोल केला! एकतर आकडे खोटे, नाहीतर बाबा खोटे. मला दोन्ही नकोय."

भावजींनी पुन्हा ब्रेक दाबला.

*

संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. खोली टापटीप, टेबलावर अहवालाची प्रत, आणि त्यात मुलीच्या सहीसाठी रिकामी जागा.

"चौथं विधान तुम्ही काढलंत?" वहिनींनी विचारलं.

"मी कशाला काढू? प्रोग्रामने काढलं. आणि मी ते लपवलेलंही नाही." सरांनी पान उघडून बोट ठेवलं. 'विधान चारला सर्व कामगारांचे उत्तर एकच असल्याने ते मोजमापातून वगळले आहे.'

"उत्तर काय होतं?"

"एकच."

"एकच, पण काय?"

"बाई, एकच म्हणजे एकच," सर हसले. पण त्यांनी पान जरा घाईनेच मिटलं.

वहिनींनी विषय बदलला. "कागद बघता येतील?"

"आकडे भरून झाले की नष्ट करतो. कामगारांना तसा शब्द दिलेला असतो."

"आणि कोणी कंटाळून न वाचताच सगळीकडे पाचला गोल केला तर? असे तर पुष्कळ असतील."

सरांचा चेहरा उजळला. आवडीचा विषय निघाला होता. "ते आमच्या हातून सुटत नाहीत! छापायच्या आधी मी स्वतः दोन-चार ठिकाणी अशी पाचर मारून ठेवतो, की आंधळेपणाने गोल करणारा हमखास तोंडघशी पडतो."

"कशी पाचर?"

"ते तांत्रिक आहे," सर एकदम आखडले आणि घड्याळाकडे बघू लागले.

बाहेर आकडे भरणाऱ्या ऑपरेटरबाई बसल्या होत्या. समोर कीबोर्ड, शेजारी चहाचा गार झालेला कप. मुलीला पाहताच त्या फणकारल्या, "माझ्यावर संशय घेतेस म्हणे? मी आकडे भरते, वाचत बसत नाही. नजर आकड्याच्या गोलावर, बोट कळीवर. काय लिहिलंय ते वाचायला लागले तर महिनाभर घरी जाणार नाही."

"चौथ्या रकान्यात काय भरलंत, आठवतं?" वहिनींनी विचारलं.

"विसरेन कशी? पाच, पाच, पाच! साठ-सत्तर कागद, सगळे पाच. मला वाटलं कळ अडकली. कीबोर्ड बदलून पुन्हा पहिल्यापासून तपासलं. पाचच होते."

मुलगी खाली बसली. म्हणजे कागदावरच पाच होते.

*

शीतगृहाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कामगार मागून 'भोंगेसाहेब' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. भोंगा त्यांच्या टेबलाच्या बरोबर वर होता. त्यांनी तो उत्साहाने वाजवून दाखवला. भावजींनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"आता बोला! हा कोणाला ऐकू येणार नाही?" साहेब ओरडले. त्यांच्या स्वतःच्या कानात अजून तोच आवाज घुमत असावा.

"कामगारांचे कागद तुमच्या हाताखालून गेले?"

"छे. संस्थेची माणसं बंद पाकिटातून आणायची, तशीच भरून न्यायची. मला फक्त पहिला मसुदा दाखवला होता. चौथ्याला सगळ्यांनी पाच दिलेत का? मग झालं की! सगळे म्हणतायत ऐकू येतो. अजून काय हवं?" ते मनापासून खूश झाले होते. वहिनी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मुलीचे वडील कपडे बदलायच्या खोलीत भेटले. दोन कानटोप्या एकावर एक, त्यावर जाड टोपडं, दारापलीकडे पंख्यांची अखंड घरघर. त्यांच्या भुवयांवर अजून हिमाचे कण होते.

"आत भोंगा ऐकू येतो?" वहिनींना ओरडून विचारावं लागलं.

"अहो, आत शेजारचा माणूस बोंबलला तरी समजत नाही. एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून काम चालतं आमचं."

"मग पाचला गोल का केलात?"

"खरं होतं म्हणून केला. वाचलं, पटलं, गोल केला."

"काय वाचलंत?"

"आता शब्दन् शब्द कुठला आठवायला? भोंग्याचं होतं, एवढं नक्की."

"बाबा, घाबरून केलं असेल तर सांगा," मुलगी म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून लिहिलं असेल तर मी समजू शकते."

वडिलांनी टोपडं आणि कानटोप्या काढल्या. त्यांना फार लागलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "चिमे, तुझ्या बापाला तू भित्रा म्हणतेस? आज माझी दुहेरी पाळी आहे, संध्याकाळीही मला त्याच खोलीत जायचंय. तिथे खोटं लिहून मी कोणाला फसवणार होतो?"

वडील कानटोप्या चढवून आत गेले आणि जड दार बंद झालं.

परतीच्या वाटेवर भावजी म्हणाले, "वहिनी, हे मला झेपत नाही. ऑपरेटर खरी, बाप खरा, भोंगेसाहेबही खरे वाटतात. मग खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "तीच तर भानगड आहे. गाडी जोरात घ्या."

*

सरांच्या खोलीत सगळे उभेच राहिले. वहिनींनी भोंगेसाहेबांना सोबत आणलं होतं. ऑपरेटरबाई दारात होत्या. मुलीच्या हातात पेन होतं. सरांनीच ते तिच्या हातात दिलं होतं.

"सही करायला हरकत नाही," वहिनी म्हणाल्या, "फक्त सरांनी एक आकडा मोठ्याने सांगावा. चौथ्या विधानाची सरासरी किती?"

"वगळलेल्या विधानाची सरासरी कशाला हवी?"

"सगळ्यांचं उत्तर सारखं, म्हणजे सरासरी तीच. तोंडपाठ असेल तुम्हाला. खोटा आकडा सांगू नका, फाईल तिथेच आहे."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. मग भोंगेसाहेबांकडे. "एक," ते पुटपुटले.

"एक?" ऑपरेटरबाई ताडकन पुढे आल्या. "एक कसा? मी पाच भरले! दोनदा तपासले!"

"तुम्ही पाचच भरलेत," वहिनी म्हणाल्या. "कामगारांनी पाचच गोल केले. आणि सरांच्या तक्त्यात ते एक झाले. यात कोणी चोरी केलेली नाही. भावजी, पाचचा एक कसा होतो?"

"सहातून पाच गेले की," भावजी सवयीने मोठ्याने विचार करत म्हणाले. "पण सहा आले कुठून?"

"उलट विधानातून. आंधळेपणाने गोल करणाऱ्यांना पकडायची सरांची पाचर हीच. काही विधानं मुद्दाम उलटी छापायची. 'मला शिकवलं गेलं आहे' अशा विधानांच्या मध्येच 'मला भीती वाटते' असं एखादं. जो सगळीकडे पाच देतो तो तिथे आपल्याच बोलण्याच्या विरुद्ध जातो. पण उलट्या विधानाचे आकडे बाकीच्यांशी जुळवायचे तर आधी सुलटे करावे लागतात. सहातून वजा करायचं, पाचचा एक, चारचा दोन. तसं केलेल्या विधानाच्या नावाला शेपूट लावायची सरांची पद्धत आहे. वि४उ. उ म्हणजे उत्तर नव्हे. उ म्हणजे उलट."

मुलीच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "म्हणजे छापील कागदावर..."

"तुझ्या मसुद्यात होतं, 'भोंगा ऐकू येतो'. तू तापात होतीस तेव्हा त्यात 'नाही' आलं. 'भोंगा मला माझ्या जागेवर ऐकू येत नाही.' तुझ्या बाबांनी ते वाचलं, पटलं, आणि पाचला गोल केला. त्यांच्यासारखाच प्रत्येकाने केला."

भोंगेसाहेब पुढे झाले. "म्हणजे सगळे म्हणतायत, ऐकू येत नाही? एकूण एक माणूस?"

"एकूण एक. आणि सगळे एका आवाजात बोलले, म्हणूनच प्रोग्रामने त्यांना बाहेर काढलं. त्याचा दोष नाही. त्याला फरक मोजायचा असतो, इथे फरकच नव्हता. सगळेच नापास झाले होते. सर, तुम्हाला मात्र ते दिसलं होतं. म्हणून तुम्ही ते वाक्य लिहिलंत. 'सर्वांचे उत्तर एकच.' वाचणारा समजणार, एकच म्हणजे सारखं. तुम्हाला माहीत होतं की तो आकडा होता, एक. मी विचारलं तेव्हाही तुम्ही खरंच बोललात. एकच म्हणजे एकच."

"मी नियमाबाहेर काही केलेलं नाही," सर म्हणाले. "शून्य विचरणाचं विधान वगळायचंच असतं. शीतगृहवाले पुढची सगळी कामं आपल्याला देणार होते. लाइन एकदा सुरू झाली की मी भोंग्याचं कानावर घालणारच होतो."

"कोणाच्या कानावर?" मुलगी एकदम ओरडली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "आत कोणाला काही ऐकूच येत नाही, सर!"

मग भोंगेसाहेब टेबलावरच्या फोनकडे धावले. लाइन सुरू करू नका, हे त्यांनी पलीकडच्या माणसाला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. आत डोळ्यांना दिसेल असा लाल दिवा बसेपर्यंत कोणीही झडप उघडणार नाही, हेही सांगितलं. तेवढ्या वेळात सरांनी अहवाल उचलून खणात ठेवला. वहिनींनी तो पुन्हा बाहेर काढून घेतला.

*

मुलगी शीतगृहात पोचली तेव्हा संध्याकाळची पाळी नुकतीच आत गेली होती. जुनी यंत्रं चालू होती, नवी बंद. तिला कोणीतरी जाड कोट दिला. थंडीने तिचे डोळे भरून आले, आणि नुसत्या थंडीनेच नव्हे.

वडील पाठमोरे पेट्या रचत होते.

"बाबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही खरं तेच लिहिलं होतं."

ते पेट्या रचतच राहिले. तिने आणखी जोरात सांगितलं. त्यांनी एक पेटी उचलली, दुसरीवर नीट बसवली. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

शेवटी तिने त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

ते वळले. तिला बघून त्यांनी टोपडं मागे सारलं, दोन्ही कानटोप्या वर केल्या आणि कान पुढे केला.

"काय म्हणालीस, चिमे?"