चकाकणारी लाळ

"नमुना वाचता येत नाही. कृपया पुन्हा थुंका."

तिसऱ्यांदा! त्या चंबू नावाच्या यंत्रमानवाला उचलून आपटावं असं वाटत होतं. पाच वाजता खो-खोची फायनल, माझा घसा सकाळपासून खवखवतोय, आणि "विषाणू नाही" असा शेरा असल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. एवढी लाळ आणायची तरी कुठून?

"आजोबा, तुमचं यंत्र बिघडलंय!"

हे यंत्र आजोबांनीच बनवलेलं, त्यामुळे त्यांना ते झोंबलं. "उर्वी, नावं ठेवण्याआधी ते काय करतं ते ऐक."

"आत्ता?"

"आत्ताच. लाळेच्या थेंबावर आपण लेसरचा एकाच रंगाचा प्रकाश सोडतो. बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. पण लाळेतले रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) सतत थरथरत असतात. त्यामुळे प्रकाशाच्या कोट्यवधी कणांतल्या एखाद्याचा रंग किंचित बदलतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून बदलही वेगळा. ते सगळे बदल मांडले की वर्णपट (रंगांचा आलेख) मिळतो. विषाणू शिरला की लाळेतली प्रथिनं बदलतात आणि वर्णपटही बदलतो."

"मग माझाच का दिसत नाही?"

चंबूने पडदा वळवला. त्यावर नुसता उजेडाचा डोंगर. "नमुना स्वतःच चकाकतो आहे. सकाळपासून तोंडात काय घेतलं?"

"काही नाही. आजोबांनी हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, तेवढंच."

आजोबांनी जीभ चावली.

"लेसर पडला की हळद स्वतः चमकते (प्रतिदीप्ती)," चंबू म्हणाला. "वरातीचा बँड वाजत असताना कुजबुज ऐकू येत नाही, तसं झालं."

"दिव्याखाली अंधार!" मी आजोबांना कोपरापासून हात जोडले.

"घसा दुखतो म्हटल्यावर हात आपोआप हळदीच्या डब्याकडे गेला गं," ते पुटपुटले.

"मग नाकातून घ्या ना नमुना! नाकात नाही घातलीत हळद!"

दोन मिनिटांत स्वच्छ वर्णपट उमटला. विषाणू होता.

मी रडले. पाय आपटले. "ताप नाही, काही नाही!"

"ताप यायच्या आधीच कळलं," आजोबा हळूच म्हणाले.

मी आमच्या खो-खोच्या मॅडमना फोन लावला. "मी येत नाही. राखीव खेळाडूला घ्या."

आम्ही एका गुणाने हरलो. त्याचा राग मला अजूनही येतो. आजोबा आता दप्तरात मावेल एवढं यंत्र करताहेत. आणि सोमवारी मॅडमनी कळवलं, आमच्या संघातली माझ्याशिवाय एकही मुलगी आजारी नव्हती.