एकोणीस नंबरचा व्हाइस

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या काकांच्या बाबतीत घडलेली. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप म्हणावं. मीही सुरुवातीला तेच म्हटलं होतं.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, कुठे कुत्रं रडत नाही. शनिवार होता. दुपारचे सव्वादोन. ऊन इतकं लख्ख की वर पत्रे तडतडत होते.

भूत दुपारचं येत नाही, असं कुणी लिहून दिलंय?

काका शाळेत टेक्निकल शिकवायचे. आठवी ते दहावीच्या मुलांना. मैदानामागे पत्र्याचं लांबलचक वर्कशॉप होतं. एका टोकाला सुतारकाम, दुसऱ्या टोकाला वायरिंगचे बोर्ड आणि मधे काकांचं राज्य, फिटिंग. दोन लांब बाकांवर वीस व्हाइस, म्हणजे लोखंड पकडून धरणारे जबडे. भिंतीवर लोखंड घासायच्या कानशी टांगायचा फळा. प्रत्येक कानशीच्या जागी तिची काळी आकृती रंगवलेली. एक जरी कानस गायब असली तरी भिंतच चुगली करायची. फळा भरल्याशिवाय काका कुणाला घरी सोडत नसत.

मुलं त्यांना गुण्या मास्तर म्हणायची. काटकोन तपासायचा गुण्या कायम खिशात. नाकासमोर चालणारी माणसं पुष्कळ असतात. काका नाकासमोर चालायचे आणि वर नाक सरळ आहे की नाही हेही बघायचे. लग्न केलं नाही. आजी म्हणायची, याला मुलगी दाखवली तर हा आधी तिला गुण्या लावून बघेल.

त्यांच्या दोन गोष्टी शाळेत गाजलेल्या होत्या.

एक, कान. पाठ करून बसले तरी कानशीच्या आवाजावरून कोण घासतंय ते सांगायचे. "सात नंबर, जोर पुढे जाताना. मागे येताना नाही." सात नंबरचा पोरगा चाट पडायचा.

दुसरी, उजेड. वर्षाच्या शेवटी जोडीचा जॉब असायचा. एकाने लोखंडाच्या तुकड्यात चौकोनी खाच करायची, दुसऱ्याने त्या खाचेत बसणारा ठोकळा. सगळं हाताने घासून. काका ठोकळा खाचेत बसवून खिडकीसमोर धरायचे. फटीतून केसभर जरी ऊन डोकावलं, तरी जॉब परत. "उजेड दिसतो." बस, दोनच शब्द. अख्खी शाळा त्यांची नक्कल करायची.

गुण जोडीला मिळायचे. एकाचं राहिलं की दोघांचं राहिलं.

सगळं घोडं इथेच अडलं.

पंचवीसएक वर्षांपूर्वी एका नववीत एकोणीस मुलं होती. म्हणजे नऊ जोड्या आणि उरलेली एक. ही उरलेली मुलगी अर्ध्या वर्षात दुसऱ्या गावाहून आलेली. तोवर सगळ्यांच्या जोड्या जमल्या होत्या. वर्गातल्या, बाकावरच्या, डब्यातल्यासुद्धा. ती मधल्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये यायची आणि एकोणीस नंबरच्या व्हाइसशेजारी डबा उघडून बसायची.

काकांनी तिला सांगितलं, "तोंड पाडायचं कारण नाही. तुझा जोडीदार मी. खाच तू कर, ठोकळा मी करतो."

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली, असं काका सांगतात.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बाकीची पोरं पळाली की ती मागे राहायची आणि घासायची. कानशीचे दोन लांब हात, एक आखूड, मग एक फुंकर. हा तिचा आवाज. फुंकरीवरून ती रोज बोलणी खायची. कीस डोळ्यात जाईल, ब्रश काय शोभेला दिलाय का, वगैरे. ती मान डोलवायची आणि पुन्हा फुंकायची.

निघताना विचारायची, "सर, तुमचा झाला का?"

"पुढच्या शनिवारी."

कधी प्रदर्शन होतं, कधी तपासणी. कधी नुसताच कंटाळा. सहा शनिवार गेले. काकांनी ठोकळ्यासाठी लोखंड कापलंसुद्धा नव्हतं.

सातव्या शनिवारी ती आली नाही. ताप होता म्हणाले. पुढच्या आठवड्यात मैदानात सगळी शाळा दोन मिनिटं मान खाली घालून उभी राहिली.

तिची खाच व्हाइसमध्येच होती. गंजू नये म्हणून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. काकांनी गुण्या लावून पाहिला. एकही बाजू केसभर चुकली नव्हती.

काकांनी ती खाच टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. मग गुणांची वही काढली आणि तिच्या नावापुढे नियमाप्रमाणे शेरा लिहिला.

अपूर्ण.

आता तुम्हीच सांगा. तिचं तर पूर्ण होतं. अपूर्ण होतं ते यांचं. पण वहीत मास्तरांसाठी रकाना नसतो.

ही झाली जुनी गोष्ट. घटना तीन वर्षांपूर्वीची.

काकांचं निवृत्तीचं वर्ष. शाळेने फिटिंग बंद करायचं ठरवलं. तिथे कॉम्प्युटर येणार होते. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, त्यांनी काकांना महिनाभर आधी सांगितलं. यादी करा, मग व्हाइस काढायला माणसं बोलावते म्हणाल्या. वर्ग आधीच थांबले होते. काका रिकाम्या वर्कशॉपमध्ये एकटे बसून यादी करायचे. घरी तरी कोण होतं?

पहिला शनिवार. काका खिडकीकडे तोंड करून लिहीत होते.

मागून कानशीचा आवाज आला.

काकांनी सवयीने मान वर न करता सांगितलं, "जोर पुढे जाताना."

आवाज थांबला...

मग पुन्हा सुरू झाला. या वेळी बरोबर.

काका समाधानाने पुढची ओळ लिहायला लागले. आणि पेन तसंच राहिलं. वर्ग तर बंद होते. दाराला आतून कडी होती.

दोन लांब. एक आखूड.

आणि मग... फुंकर.

काका वळले. कुणी नव्हतं. वीस व्हाइस, ओळीने, तोंडं मिटून. फळ्यावर मात्र एका कानशीची नुसती काळी आकृती होती. कानस नव्हती.

ते एकोणीस नंबरपाशी गेले. बाकावर ताजा, चमकणारा कीस पडला होता. पंख्यासारखा पसरलेला, कुणीतरी फुंकल्यासारखा. त्यांनी व्हाइसच्या जबड्याला बोट लावलं.

कोमट होता. घासून घासून लोखंड तापतं, तसा.

परत फळ्याकडे पाहिलं, तर कानस जागेवर. हलत होती...

दुसऱ्या शनिवारी काकांनी शिपायाला सोबतीला बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. शिपाई शाळेत नवा, बोलायला तिखट. तो आत यायलाच तयार होईना. दारातून किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाला, "मास्तर, तुम्ही बसा हवं तर रात्रभर. पण त्या पोरीला घरी पाठवा आधी. घरचे वाट बघत असतील."

"कुठली पोरगी?"

"ती काय त्या टोकाला, डबा घेऊन. मघाशी मी विचारलं तिला, का थांबलीस म्हणून. म्हणाली, सरांचं व्हायचंय."

काकांनी त्या टोकाला पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. शिपायाने दुसऱ्यांदा पाहिलं, तर त्यालाही दिसलं नाही. त्याची पाचावर धारण बसली. किल्ल्या दारातच टाकून तो गेला, ते सोमवारीच उगवला.

तिसरा शनिवार शेवटचा होता. सोमवारी व्हाइस निघणार होते.

त्या दिवशी काकांनी यादी बाजूला ठेवली. खणातून तिची खाच काढली. लोखंडाचा तुकडा कापला, अठरा नंबरला बांधला आणि बावीस वर्षं उशिरा कामाला लागले. हात पहिल्यासारखा राहिला नव्हता, चष्म्याआड घाम यायचा.

सव्वादोन वाजले.

शेजारी... एकोणीस नंबरला... दुसरी कानस सुरू झाली.

काकांनी मान वर केली नाही. दोघं घासत राहिले. आयुष्यभर त्यांच्याभोवती वीस-वीस कानशी वाजल्या, पण त्या शिकायला आलेल्या. सोबतीला कुणी शेजारी उभं राहिलंय, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हे त्यांचेच शब्द.

पाच वाजता ठोकळा झाला. त्यांनी तो खाचेत बसवला आणि खिडकीसमोर धरला.

डाव्या कोपऱ्यात केसभर फट होती. लोखंड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. जॉब गेला.

मानेवर गार फुंकर आली. आणि अगदी कानाशी...

"सर, उजेड दिसतो."

काका म्हणतात, ते घाबरले नाहीत. त्यांना हसू आलं. त्यांचं उत्तर तोंडात तयारच होतं.

"पुढच्या शनिवारी."

निरोपाला काय देऊ असं बाईंनी विचारलं, तेव्हा काकांनी एकोणीस नंबरचा व्हाइस मागितला. लोकांना वाटलं, म्हातारा हळवा झाला.

हे सगळं त्यांनी मला यंदा सांगितलं. मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते. मागच्या खोलीत टेबलाला तो व्हाइस पक्का केलेला आहे. त्यामागे शाळेतल्यासारखाच फळा, त्यावर काळ्या आकृत्या, सगळ्या कानशी जागच्या जागी. तेलाच्या फडक्यात ती खाच. आणि पलंगाखाली एक खोकं.

खोक्यात ठोकळे होते. मी मोजले. एकशे बेचाळीस. काका बाजारात गेले होते, म्हणून एकेक ठोकळा खाचेत बसवून खिडकीसमोर धरून पाहिला.

प्रत्येकात फट. प्रत्येक वेळी डाव्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी तेवढीच, केसभर.

मला फिटिंगमधलं काही कळत नाही. पण माणसं कळतात. थरथरणारा हात रोज वेगळ्या ठिकाणी चुकतो. एकाच ठिकाणी, तेवढंच, एकशे बेचाळीस वेळा चुकायला हात फार सराईत लागतो.

ते परत आल्यावर मी सरळ विचारलं, "काका, पहिला चुकला असेल. बाकीचे?"

ते पिशवीतून भाजी काढत राहिले. मग म्हणाले, "जमला तर ती कशाला येईल?"

निघताना त्यांनी सहा तुकडे आणायला सांगितले, लोखंडाचे, नेहमीच्या मापाचे. शनिवार होता. मी दाराशी चपला घालत होते. सव्वादोन वाजले असतील.

आतून कानशीचा आवाज आला. सावकाश. काकांचा.

मग त्याच्या शेजारून...

दोन लांब. एक आखूड. फुंकर.

आणि एक आवाज. लहान मुलीचा, पण खूप दमलेला. "सर, तुमचा झाला का?"

काकांना इतक्या मायेने बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "पुढच्या शनिवारी, बाळ."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही.

सहा तुकडे मी कापून आणले. पिशवीत घालून माझ्या घरी दाराशी ठेवले. पण पाय निघेना. नेले तर ती अडकून राहणार. नाही नेले तर ते एकटे पडणार. काकांचा फोन आला की मी सांगायची, पुढच्या शनिवारी येते. असं तीनदा झालं.

काल पुन्हा फोन आला. आवाज खोल गेला होता. म्हणाले, "लोखंड राहू दे गं. गेले तीन शनिवार इकडे कुणी आलं नाही."

फोन ठेवला आणि कोण जाणे का, मी पिशवी उघडली.

पाच तुकडे जसेच्या तसे होते. सहावा नव्हता. म्हणजे होता, पण... त्याच्या तीन बाजू घासून आरशासारख्या सरळ केलेल्या. पिशवीच्या तळाशी कीस होता. पंख्यासारखा पसरलेला.

तीन शनिवार. तीन बाजू.

ठोकळ्याला चार असतात.

आज शुक्रवार आहे. तुकडा माझ्यासमोर टेबलावर आहे. काकांना मी काही सांगितलेलं नाही. काय सांगू? तुमच्या जोडीदाराने तुमची वाट बघणं सोडलं, असं?

लिहिता लिहिता मघाशी मी त्याला बोट लावून पाहिलं.

अजून गार आहे.