बदललेली पट्टी

दार तेवढं लावून घ्या रे, वारा येतोय. आणि मध्येच "काका, हे खरं का?" असं कोणी विचारायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं, त्याच्या शेजारच्या टेबलावर माझे साडू बसायचे. एवढं पुरे.

अणुवीज केंद्रातला केमिस्ट होता तो. हुशार, बोलका, चहाच्या कपालासुद्धा डाग पडू न देणारा. म्हणून सगळे त्याला चकचकीतसाहेब म्हणत. काम त्याचं एकच. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी ज्या नळ्यांतून फिरतं, त्या आतून गंजू द्यायच्या नाहीत. पाण्यात औषधं सोडून त्यातला प्राणवायू काढून टाकायचा. औषध लागू पडतंय की नाही हे कळावं, म्हणून मोठ्या नळीच्या बगलेला जोडलेल्या एका बारीक नळीत पोलादाची पट्टी टांगून ठेवायची. काही महिन्यांनी ती काढायची, धुवायची, वजन करायचं. पट्टीचं वजन जितकं उतरलं, तितक्या बाकीच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या असं समजायचं.

एकदा पट्टी निघाली ती कुरतडलेल्या बिस्किटासारखी. खरं सांगावं तर केंद्र बंद ठेवून नळ्या बदलायची वेळ येणार, आणि वरची खुर्ची तर अगदी हातातोंडाशी आलेली. साहेबानं ती पट्टी खिशात घातली आणि कपाटातली कोरी पट्टी काट्यावर ठेवली. झालं, सगळं आलबेल!

पुढं नळीचं एक वळण फुटलं. वाफेत एक फिटर सापडला, तो जागीच गेला. हा फिटर म्हणजे साहेबाच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. साहेबानंच शब्द टाकून त्याला तिथं चिकटवलं होतं. चौकशी बसली. पट्टी ठणठणीत, मग चूक कोणाची? मेलेल्याची. त्यानंच व्हॉल्व्ह चुकीचा उघडला असं ठरलं आणि साहेबानं मान डोलावली. बायको रडून रडून म्हणायची, "माझ्या भावाच्या हातून असं होणारच नाही हो!" हा तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि गप्प बसायचा. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

तर, मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रपाळी, दोन वाजून गेलेले. फुटलेली नळी बदलल्यानंतरची पहिली पट्टी काढायची होती. साहेब लांब हातमोजे चढवून, बॅटरी घेऊन खाली उतरला. हातमोजे घालावेच लागतात, नाहीतर घामाचं बोट लागलं तरी पट्टी डागाळते. पंपांची घरघर चालू होती, रोजचीच. त्यानं बगलेच्या नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, आतलं पाणी काढून टाकलं, झाकण सैल केलं.

आणि पंप थांबले.

असं होत नाही. पंप थांबले तर भोंगे वाजतात, धावाधाव होते. इथं काहीच नाही...

ठक.

नळीत आतून कोणीतरी पान्हा आपटला. ठक. ठक.

साहेबानं झाकण काढलं. पट्टी ओढली. येईना. पुन्हा ओढली. पलीकडून कोणीतरी धरली होती.

"कोण... कोण आहे?"

"दाजी." आवाज ओला होता. अगदी कानाशी. "हीपण बदलणार का?"

साहेब चाचरला. "अरे... तू तिथं असशील, हे मला कुठं माहीत होतं..."

"मी नसतो, तर दुसरं कोणी असतं."

मग त्या नळीतून हात आला. दोन बोटंही धड न जाणारी नळी ती... त्यातून पंजा आला. मनगट आलं. कोपर आलं. त्यानं साहेबाचं मनगट धरलं. गार पडलेला हात.

"ताईला सांगा, दाजी. नाहीतर मी सांगतो."

सकाळच्या पाळीला साहेब तिथंच बसलेला सापडला. पंप रात्रभर चालूच होते, असं सगळे सांगत होते. हातमोजा धड होता. मोज्याच्या आत मनगटावर मात्र तांबूस डाग. डॉक्टरांनी पाहिलं. भाजलेलं नाही, लागलेलं नाही. खरवडून बघितलं तर गंज. लोखंडाचा. पुसला की पुन्हा वर यायचा.

घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "नळीवर हात आपटला."

तिनं चोळायला हात मांडीवर घेतला. दिव्याखाली धरला... आणि थांबली. पंजाची खूण होती ती. अंगठा, चार बोटं. त्यातलं अंगठ्याजवळचं बोट एका पेरानं आखूड. लहानपणी खेळता खेळता तिनंच दार लोटलं होतं, त्यात भावाचं ते पेर गेलेलं. तिनं आपली बोटं एकेक करून त्या डागांवर ठेवली. रडली नाही. नवऱ्याकडं बघून एवढंच विचारलं,

"त्यानं तुमचा हात का धरला?"

साहेब बाही खाली ओढायला गेला.

तिच्या डोळ्यांदेखत ती पाचही बोटं मनगटाभोवती आणखी आवळली गेली.