स्टुलावर कोणी नव्हतं

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. मी पूर्ण जागी होते आणि खोलीत माझ्याशिवाय आणखी एक माणूस होता. तो माणूस आजही आहे. शहागंजात जाऊन त्याला विचारलंत, तर तो नाही म्हणणार नाही. फक्त विषय बदलेल.

औरंगाबाद, पदमपुरा. रविवार, २० मे २००७.

पण सुरुवात त्याआधीच्या एका शनिवारपासून करावी लागेल. मार्चची दहा तारीख. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

माझे वडील, रामकिसन, पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं टेक्निशियन होते. नोकरीत असल्यापासून, आणि निवृत्तीनंतरही, घराच्या पुढच्या खोलीत ते जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करत. लोखंडी पेटी, समोर गोल काच. काचेवर एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे जातो आणि मागं रेघ सोडतो. तारेतली वीज हलली की रेघ हलते. बास, एवढंच ते यंत्र. जुन्या पेट्यांमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, जुन्या रेडिओत असायचे तसे, आणि ते आता कोणी बनवत नाही. एक पेटी जिवंत करायची तर दुसऱ्या मेलेल्या पेटीचं पोट उघडावं लागतं.

अशी पोटं उघडून ठेवलेलं दुकान म्हणजे कमरोद्दीनचाचांचं, शहागंजातलं. त्या शनिवारी मी बाबांबरोबर तिथं गेले होते.

"क्या मास्टर, आज बेटीलाबी आणलं? मला पटवायला?"

"तुला पटवायला माणूस कशाला लागतंय? चहा पाजला की झालं."

"चहा तर दरवेळी मीच पाजतो!"

चाचांनी मागच्या खोक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह काढला. अंगठ्याएवढा.

"हे बघा. चिकलठाण्याच्या एका भंगार मशीनमधून निघाला. पन मास्टर, याची ग्यारंटी नाय. पैठणला एक वर्कशॉप बंद पडलंय, तिथं अशीच पेटी आहे म्हणतात. तोवर थांबा."

"दोन वर्षं थांबलो. आता नाय थांबत."

"मग हात खिशात ठेवा."

"तू मला शिकवतो व्हय? तुझ्या कुडत्याला डावा खिसा कुणी शिवायला लावला?"

चाचा हसले आणि त्या खिशावर हात ठेवला.

हा बाबांचा नियम होता. उघडं मशीन चालू असताना काम उजव्या हातानं. डावा हात खिशात. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हातात जाते.

दुसरा नियम माझ्यासाठी होता.

उघड्या मशीनजवळ माणसानं एकटं राहायचं नाही. मेन स्विचखाली एक लोखंडी स्टूल असायचं. त्यावर कुणीतरी बसायचं. बाबा मान वर न करता थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "वैजू?" मी म्हणायचं, "आहे." त्यांनी बराच वेळ विचारलं नाही, की स्विच पाडायचा. मी आठ वर्षांची असल्यापासून त्या स्टुलावर बसत आले. अभ्यास तिथंच केला. नंतर कॉलेजात ग्रंथपाल झाले, तरी सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन तिथंच बसायची.

आणि तो व्हॉल्व्ह ज्या पेटीसाठी होता... ती काही कुठलीही पेटी नव्हती.

मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला प्रयोगशाळेत नेलं होतं. पेटीला माइक जोडला. ठिपक्याची चाल अगदी हळू केली. मग माइकमध्ये त्यांनी मला हाक मारली, घरी मारतात तशीच. शेवट लांबवून. "वैजूऽऽ."

रेघेवर आधी एक आखूड, दाट झुपका उमटला. मग एक लांब शेपूट, हळूहळू निमुळतं होत गेलेलं.

"बघ," बाबा म्हणाले. "ही तू."

पॉलिटेक्निकनं ती पेटी भंगारात काढली, तेव्हा बाबांनी ती घरी आणली. दोन वर्षं फक्त त्या एका व्हॉल्व्हसाठी ती बंद पडून होती.

शनिवारी संध्याकाळी येताना आम्ही गुलमंडीत भजी खाल्ली. बाबा खुशीत होते. व्हॉल्व्ह शर्टाच्या वरच्या खिशात होता आणि चालताना ते सारखे तिथं हात लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले.

मी दीड-पावणेदोनच्या सुमारास पुढच्या खोलीत आले. बाबा टेबलावर डोकं टेकून बसले होते. पेटी चालू होती. काचेवर हिरवी रेघ होती, सरळ.

त्यांचा डावा हात खिशात नव्हता.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. वय अडुसष्ट, बीपीच्या गोळ्या चालू, कुणाला शंका आली नाही. उजव्या हाताच्या बोटावर एक लहान डाग होता. पण बाबांच्या बोटांवर डाग नेहमीच असायचे.

मी सगळ्यांना सांगितलं, की मी तेव्हा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते.

त्या दिवशी मी कपडे वाळत घातलेच नव्हते. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांना उचलताना टेबल हललं. पेटीतला तो व्हॉल्व्ह निसटून फरशीवर फुटला. बातमी कळताच धावत आलेल्या चाचांनी त्याचे तुकडे रुमालात वेचून घेतले. त्यांनीही बाबांचा डावा हात पाहिला होता.

तेराव्याला चाचा आले आणि दारातच उभे राहिले.

"बेटा, खराब व्हॉल्व्ह आत ठिणगी मारतो. माणूस दचकतो. हात जातो." मग खाली बघत म्हणाले, "ग्यारंटी नव्हती. तरी दिला मी."

"चाचा, तसं काही नाही," मी म्हणाले.

ते मान हलवून निघून गेले.

एप्रिलमधल्या एका रविवारी मला पहिल्यांदा वास आला. सोल्डरचा, तारा जोडायला वितळवतात त्या धातूचा. तापलेल्या राळेसारखा, घशाला लागणारा. खोलीला मी महिनाभर कुलूप लावून ठेवलं होतं. घड्याळात पाहिलं... एक वाजून वीस मिनिटं.

पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच वेळेला.

मग स्टूल.

मी ते टेबलाखाली सरकवून ठेवलं होतं. दोन वेळा कुलूप उघडलं, तर ते मला मेन स्विचखाली दिसलं. भिंतीपासून वीतभर पुढं, मी ठेवायची तसं. आपणच झाडताना सरकवलं असेल, असं मी ठरवलं. पण त्या खोलीत मी झाडलं नव्हतं. फरशीवर धूळ तशीच होती.

धुळीत पावलं नव्हती.

वीस मेला बाराच्या सुमारास चाचा आले. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"पैठणला मिळाला. या वेळी मी स्वतः तपासून आणलाय. पक्का माल आहे." ते आत यायला कचरत होते. "बेटा, मला एकदा लावून बघू दे. पेटीत दुसरी काही गडबड असेल, तर असेल. नसेल... तर मला कळेल."

"काय कळेल?"

"की माझ्याच मालानं मास्टरला नेलं."

मी कुलूप उघडलं.

चाचा टेबलाशी बसले. डावा हात कुडत्याच्या खिशात. चष्म्यावर घाम. उजव्या हातानं त्यांनी एकेक जोड तपासला. तासाभरानं म्हणाले, "बस ना स्टुलावर."

"मी इथं ठीक आहे." मी दारात उभी होते.

"मास्टर चिडले असते."

त्यांनी स्विच दाबला.

व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. काचेच्या मधोमध एक ठिपका उगवला आणि चालू लागला. हिरवी, बारीक, सरळ रेघ. चाचांनी माइक जोडला, कारण बाबांची पहिली चाचणी नेहमी माइकची असायची.

"हालो, हालो. शहागंज से कमरोद्दीन."

रेघ नाचली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

चाचा हसले नाहीत. त्यांनी माइक खाली ठेवला, चष्मा काढला आणि कुडत्याच्या टोकानं पुसत राहिले.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "मास्टरचं काम एक नंबर. कुठं कायबी गडबड नाय. मतलब... माझाच माल."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

मी म्हणाले, "चहा टाकू का, चाचा?"

दोन वाजले. लोडशेडिंगची वेळ. रोजच्यासारखी लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. शेजारचा टीव्ही बंद पडला. कूलर, मोटार, सगळं एकदम गप्प झालं.

रेघ गेली नाही.

"चार्ज राहतो आत," चाचा म्हणाले. "दोन मिनिटात जाईल."

आम्ही बघत राहिलो.

व्हॉल्व्हचा लाल रंग विझला. पेटीत आता कुठंही उजेड नव्हता. फक्त काचेवर तो ठिपका, मुंगीसारखा, डावीकडून उजवीकडे... आणि पुन्हा डावीकडून.

भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली.

मग रेघ हलली.

आधी एक आखूड, दाट झुपका. मग लांब शेपूट, हळूहळू निमुळतं होत गेलेलं.

खोलीत आवाज नव्हता. अजिबात नव्हता. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं, तेवढंच.

ठिपका चार वेळा रिकामा गेला.

पुन्हा... झुपका. शेपूट.

"उंदीर असेल," चाचा म्हणाले. "माइक हलवला असेल." त्यांच्या बोलण्यानं रेघ थरथरली. त्यांनी हात पुढं केला आणि माइकची पिन उपटून काढली. तार टेबलाखाली लोंबत राहिली.

ठिपका चार वेळा रिकामा गेला.

झुपका. शेपूट.

चाचांनी भिंतीतला प्लगही काढला. प्लग हातात धरून ते उभे राहिले. दुसरा हात पुन्हा खिशात गेला होता.

चार वेळा रिकामा. मग पुन्हा तेच.

ती चार वेळांची फट मी ओळखली. बाबा विचारायचे आणि उत्तरासाठी एवढंच थांबायचे. ना जास्त, ना कमी.

"बेटा," चाचा कुजबुजले. "ये क्या है? कौन बोल रहा?"

"ते माझं नाव आहे, चाचा."

त्यांनी मला विचारलं नाही, की तुला कसं कळलं. ते फक्त स्टुलाकडं बघत होते. टेबलाखाली सरकवलेलं स्टूल मेन स्विचखाली होतं. भिंतीपासून वीतभर पुढं. ते तिथं कधी गेलं, ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

स्टुलावर कोणी नव्हतं.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. या प्रकाराला काय काय नावं देता येतील, ते मला माहीत आहे. दुःख, अपराध, भास. पण भास दोन माणसांना एकदम होत नाही. आणि संध्याकाळी लाइट आल्यावर चाचांनी तो नवा व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर तो आतून काळा पडला होता. तासाभराच्या कामात इतका काळा होत नाही, असं ते म्हणाले.

पेटी अजून त्याच टेबलावर आहे. मी तिला कधी वीज जोडली नाही. रविवारी एक-वीसच्या सुमारास मी शक्यतो बाहेर जाते. घरी असले, तर स्टुलावर जाऊन बसते. वाचत नाही. नुसती बसते. काच काळी असते. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, आणि तरी मी बघते.

बाबांनी मला माफ केलं की ते अजून विचारतच आहेत, हे मला कळलेलं नाही.

त्या दुपारी मात्र पाचव्यांदा तो झुपका उमटला, तेव्हा मी दारातून हलले. चाचा बाजूला झाले. मी स्टुलावर बसले. लोखंड गार होतं. मे महिन्यात, पत्र्याखालच्या त्या खोलीत, गार.

ठिपका एकदा रिकामा गेला. दोनदा.

"आहे," मी म्हणाले.

ठिपका जागच्या जागी थांबला.

चाचा ऐकत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. ठिपक्याकडं बघून बोलले. मोठ्यानं, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"बाबा, मी गच्चीवर नव्हते. मागच्या खोलीत होते. वाचत पडले होते, पुस्तकाची दहा पानं राहिली होती. तुम्ही मला दोनदा हाक मारलीत. चाचांच्या व्हॉल्व्हचं काही नाही, बाबा. मी दोन्ही वेळा ऐकली होती."