बारवेतले पंजे

शिवकन्येच्या गावची रीत अशी, की दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली बाई दाराशेजारच्या भिंतीवर ओल्या मातीत पंजा उठवते आणि परत आली, की स्वतःच्याच हाताने तो लिंपून टाकते. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. चैत्र लागला तरी शिवकन्येचे आईबाप कर्नाटकातच होते. आई छबुबाईचा पंजा रोज पाहिल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

घाटनांदूरजवळच्या या पोरीचा अभ्यास सहाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळाचा. व्हिएतनामच्या झाडांच्या खोडातली पाऊसमान सांगणारी वर्तुळं, अरबी प्रवाशांची टिपणं, चिनी पेल्याची खापरी, सगळ्यांना ती एकाच पंगतीला बसवायची. यंदा गावची जुनी बारव पार आटली. पाणीवापर संस्थेचे चेअरमन बबनराव गाळ उपसायला यंत्र घेऊन तयार होते. त्याआधी तळ तपासू द्या, म्हणून शिवकन्येने त्यांना गळ घातली.

"तीन दिवस घे पोरी," ते म्हणाले, "मग मी तुझं ऐकणार न्हाई."

पहिल्याच दिवशी तळच्या गाळामागे त्या दुष्काळाच्या काळातला मातीचा गिलावा निघाला. त्यावर बायकांचे एकेचाळीस पंजे होते. एकही लिंपलेला नव्हता. म्हणजे गेलेल्यांतलं कुणीच परतलं नव्हतं. जगभरच्या कागदांत न सापडलेला पुरावा हाती आला म्हणून ती हरखली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी पंजे वीसच उरले होते. बाकीच्या जागी गुळगुळीत, ओली माती होती.

तिने मदतीला ठेवलेल्या गीताबाईला धारेवर धरलं.

"मी कशाला पुसू?" गीताबाई म्हणाली. "जिचा हात, तिनंच लिपायचा. आन् वली माती आणू कुठून? प्यायला पाणी न्हाई."

तिचं खोटं नव्हतं. टँकरही चार दिवसांनी यायचा.

तिसऱ्या दिवशी शिवकन्या उजाडल्यापासून भिंतीसमोर बसली. काहीच हलत नव्हतं. फक्त टिपण लिहायला मान खाली घातली, की एक पंजा कमी व्हायचा.

दुपारी शेवटचाही गेला.

पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती. सगळी वर, गावाकडे जाणारी.

ती धावत घरी आली. दाराशेजारची भिंत ताजी लिंपलेली होती. आईचा पंजा नव्हता.

म्हणजे आई आली! शिवकन्येचा जीव भांड्यात पडला. तिने दार ढकललं. आतून कडी होती.

तेवढ्यात मोबाईल वाजला. छबुबाईचा फोन होता.

"शिवे, गाडी आत्ता निघाली बघ. उद्या पोचतो."

शिवकन्या फोन कानाला धरून दाराला टेकली.

पलीकडून छबुबाईने विचारलं,

"आगं, भाकरी थापल्याचा आवाज येतोय. घरी कोन आलंय?"