हात न लागलेलं पदक

ही घटना खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, पण वाद घालू नका. ज्यांच्या घरात ती घडली, त्यांना मी स्वतःइतकंच ओळखतो. त्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही. रागवायची आहे.

मार्चचा दुसरा मंगळवार. दुपारचे सव्वादोन.

अशा गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीजवळचं टेबल, आणि टेबलावर एक तांब्याचं नाणं.

आणि त्या नाण्यावर...

एक बोट उमटलं होतं.

या गृहस्थांना गल्लीत भिंगवाले म्हणतात. वजनमापं तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुकानदारांच्या तराजूंमध्ये खोट काढली आणि घरी येऊन नाण्यांमध्ये काढली. नाणी, पदकं. जमवायची, भिंगाखाली धरायची, त्यांची ग्रेड ठरवायची.

हा नाद नसलेल्यांसाठी सांगतो. नाणं नुसतं जुनं असून भागत नाही. ते किती जपलं गेलं, त्यावर ग्रेड ठरते. गुण सत्तरपैकी. टांकसाळीतून बाहेर पडल्यापासून ज्याला ओरखडा नाही, डाग नाही, कुणाचा हात नाही, त्याला सत्तर. असं एकही नाणं भिंगवाल्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. चौसष्टचं पासष्ट व्हावं म्हणून ते झुरायचे. नाण्यावरच्या राजाच्या कानामागे केसाएवढी रेघ सापडली, की आठवडाभर घरात कुणाशी नीट बोलायचे नाहीत.

पण कधीतरी एखादं नाणं कडेने दोन बोटांत धरून उजेडात जरासं कलवलं, की प्रकाश त्याच्यावरून चाकासारखा गोल फिरायचा. तेवढ्यासाठी सगळं.

आता घरात चांगला उजेड एकाच खिडकीत यायचा. दोन ते चार.

आणि त्या खिडकीत बायकोचं शिलाई मशीन होतं.

ती शाळांचे गणवेश शिवायची. तीस वर्षं त्या खिडकीवरून दोघांची जुंपायची. तुमची नाणी शंभर वर्षं थांबलीयत, आणखी दोन तास थांबतील, माझी शाळा सोमवारी सुरू होते, असं ती सुनवायची. मग हे आपलं टेबल इंचभर पुढे सरकवायचे. ती मशीन इंचभर पुढे सरकवायची. फरशीवर दोन्हीकडे त्याचे ओरखडे आहेत. तेही मी पाहिलेत.

तिच्या हातांना कायम मशीनच्या तेलाचा वास असायचा. म्हणून घरात एक नियम होता.

हात लावायचा नाही.

झाडताना सुद्धा नाही. बघायचं तर लांबून, हात पाठीमागे बांधून. तिने तो नियम पाळला. फक्त एका पदकाच्या बाबतीत तिने तीस वर्षं तोंड चालवलं.

कुठल्यातरी जुन्या कारागिरी प्रदर्शनाचं तांब्याचं पदक होतं ते. त्याच्यावर एक बाई शिवत बसलेली. उजव्या हातात सुई. ती सुई नखाएवढीही नव्हती.

"त्या सुईला नेढं आहे का हो?" ती विचारायची.

"आहे."

"तुम्ही बघितलंत?"

हे भिंग पुसायला घ्यायचे. यांनी त्या पदकावर डाग शोधले होते, ओरखडे मोजले होते. सुई बघितली नव्हती.

"द्या इकडे. मला बोटाला कळतं," ती म्हणायची. अंधारात सुई ओवणारी बाई होती ती. पण यांनी दिलं नाही. तांब्याला उघडं बोट लागलं की संपलं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. महिन्यांनी ठसा वर येतो. तपकिरी, जळल्यासारखा. मग तो कशाने जात नाही.

सप्टेंबरमध्ये ती शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेली असताना तिने ते पुन्हा मागितलं. एकदाच.

हे पदक घेऊन आले. प्लॅस्टिकच्या डबीत. आणि सोबत पांढरे सुती हातमोजे.

तिने हातमोज्यांकडे बघितलं. मग यांच्याकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आत ठेवा."

चार दिवसांनी ती गेली.

पंधरवडाही उलटला नव्हता, तोच यांनी मशीन ओढत नेऊन दाराच्या आतल्या पॅसेजमध्ये भिंतीला लावलं, वर चादर टाकली आणि सगळी खिडकी स्वतःकडे घेतली. मुलगी दुसऱ्या गावाहून भेटायला आली होती. तिने पॅसेजमधलं मशीन बघितलं आणि चहा न पिता गेली.

तर, मार्चमधला तो मंगळवार.

नाण्यावरचं बोट यांनी भिंगाखाली धरलं. ओळखायला वेळ लागला नाही. बायकोच्या उजव्या तर्जनीतून एकदा मशीनची सुई आरपार गेली होती. तेव्हापासून त्या बोटाच्या रेषा मधोमध तिरक्या तुटलेल्या होत्या.

नाण्यावरच्या रेषाही तुटलेल्या होत्या. तिरक्या. मधोमध.

भिंगवाले घाबरले नाहीत. ते संतापले.

म्हणजे जिवंत असताना हिने चोरून हात लावला होता. आपण घरात नसताना. हिशोब बरोबर जुळत होता, ठसा वर यायला तेवढे महिने लागतातच. त्यांनी सगळे खण उपसले. अकरा नाण्यांवर तोच ठसा निघाला. अकराच्या अकरा सगळ्यांत चांगली.

त्यांनी मुलीला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"लावला असेल हात," ती म्हणाली. "मग? आता तिला ओरडणार आहात?"

"अकरा नाणी गेली माझी."

"आई गेली, बाबा."

फोन बंद झाला.

भिंगवाल्यांनी पुन्हा भिंग उचललं. आणि तेव्हा पॅसेजमधून आवाज आला...

टक्.

मशीनमध्ये कापड सरकवल्यावर ते दाबून धरायला लोखंडी पाय खाली सोडतात ना, त्याचा आवाज. तीस वर्षं रोज ऐकलेला.

ते उठून गेले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं होतं. मशीनही होतं तिथेच.

फक्त त्याच्यावरची चादर नव्हती.

ती शेजारच्या स्टुलावर होती. चौघडी घातलेली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. भिंगवाल्यांना आयुष्यात अशी घडी घालता आली नाही.

त्यांनी स्वतःला समजावलं, की आपणच काढली असेल, हल्ली लक्ष राहत नाही. चादर पुन्हा टाकली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता... टक्.

तिसऱ्या दिवशी... टक्.

चादर रोज स्टुलावर.

एप्रिलच्या सुरुवातीला जे झालं, त्याला मात्र कुठलंच समजावणं पुरलं नाही. जानेवारीत, म्हणजे बायको जाऊन चार महिने झाल्यावर, त्यांनी एक नाणं घेतलं होतं. शहरातल्या पारख्याने ते तपासून, सहासष्ट ग्रेड देऊन, डबीत बंद करून सील ठोकलं होतं. डबी फोडल्याशिवाय ते नाणं कुणाच्या हाताला लागणं शक्य नव्हतं.

सील शाबूत होतं.

आत, नाण्याच्या बरोबर मधोमध... ते बोट होतं.

भिंगवाले तडक पारख्याच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर बरसले. तुझ्या माणसाने उघड्या हाताने नाणं धरलं, तुला ग्रेड लावायची अक्कल नाही, वगैरे. पारखी जुना माणूस होता. त्याने डबी हातात घेतली, चारही बाजूंनी सील बघितलं. मग नाणं बंद करण्याआधी काढलेला फोटो शोधून काउंटरवर ठेवला. फोटोतलं नाणं आरशासारखं होतं. त्याने दुकानातल्या माणसाला बोलावून त्याच्या दहाही बोटांचे ठसे कागदावर घेतले आणि भिंगाने एकेक ताडून बघितला. मग स्वतःचे घेतले.

एकही जुळला नाही.

"घरात कोण असतं तुमच्या?" त्याने विचारलं.

"मी एकटाच."

पारख्याने डबी त्यांच्याकडे सरकवली. हाताने नाही. पट्टीच्या टोकाने.

"हे परत इथे आणू नका."

भिंगवाले घरी आले तेव्हा दोन वाजायला आले होते. जिना चढून धाप लागली होती, डोकं तापलं होतं. आत शिरल्या शिरल्या ते मोकळ्या घरात मोठ्याने ओरडले.

"किती वेळा सांगितलंय, हात लावायचा नाही म्हणून!"

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाला ओरडलो ते.

घरात इतकी शांतता होती, की खालच्या नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं.

मग तेही थांबलं.

आणि वास आला... मशीनच्या तेलाचा. ताज्या तेलाचा.

त्यांना एकदम पदक आठवलं. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडलं. घाईत किल्ली दोनदा पडली. पदक खिडकीशी नेलं, भिंग लावलं, कडेपासून कडेपर्यंत बघितलं.

स्वच्छ होतं. एक डाग नाही.

त्यांनी सुस्कारा सोडला. हे तरी वाचलं, असं ते मोठ्याने म्हणालेसुद्धा.

त्यानंतर रोज दोन-तीन नाणी जात होती. कुलूप लावलं तरी. डब्या चिकटपट्टीने गुंडाळल्या तरी. काही चांदीची गेली, काही पितळेची. चांदीवर असा तपकिरी ठसा सहसा उठत नाही, तरी उठला. भिंगवाले रोज शिव्या घालत होते. तिला, पारख्याला, स्वतःला. आयुष्य घालवून जमवलेला संग्रह जूनपर्यंत संपला. दोनशे चौदा नाणी, दोनशे चौदा वेळा तेच बोट.

पदक तेवढं राहिलं.

जूनच्या शेवटी एका दुपारी ते नेहमीसारखं ते तपासायला बसले. स्वच्छ. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सुस्कारा सोडता आला नाही.

घरातल्या प्रत्येक नाण्याला तिने हात लावला होता. जे तिने मागितलं होतं, तेवढ्याला लावत नव्हती.

राहू दे. आत ठेवा.

भिंगवाले उठले. टेबल ढकलत भिंतीपर्यंत नेलं. पॅसेजमधून मशीन ओढत आणलं आणि खिडकीत तिच्या जागेवर लावलं. मग डबी मशीनच्या कडेवर आपटून फोडली आणि पदक बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते उघड्या तळहातावर घेतलं आणि मशीनच्या पाटावर ठेवलं, ती बाई वर येईल असं.

"घे," ते म्हणाले. "बघ काय बघायचंय ते."

त्या दिवशी टक् झालं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. उघड्यावर ठेवलेलं तांबं एका पावसाळ्यात काळं पडतं. हे पडलेलं नाही. भिंगवाल्यांनी ते स्वतःच्या तळहातावर घेतलं होतं, त्याचाही ठसा वर आला नाही. गेल्या महिन्यात त्यांनी पदक तसंच रुमालात बांधून पारख्याकडे नेलं. तो नको म्हणत होता. मग त्याने रुमालाचा कोपरा उचलला. तासभर भिंग लावून बसला.

"असं मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला. "कशात ठेवता?"

"उघड्यावर."

पारख्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

सत्तर.

भिंगवाल्यांनी ती चिठ्ठी दुकानाच्या दारातच फाडली.

मी ते पदक बघितलंय. ते आजही खिडकीत, मशीनच्या पाटावर आहे. भिंगवाले रोज दोन वाजता त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतात आणि चार वाजेपर्यंत रागाने बघत राहतात. सुईला नेढं आहे की नाही, हे त्यांनी अजूनही बघितलेलं नाही. भिंग हातात असतं, तरी बघत नाहीत. ते तिने बघायचं आहे, म्हणतात.

मशीनच्या काळ्या पाटावर ते फडकं मारू देत नाहीत. चौदा महिन्यांची धूळ बसलीय त्याच्यावर. पहिल्यांदा मला ती नुसतीच धूळ वाटली. मग मी उजेडाच्या बाजूने वाकून बघितलं...

त्या धुळीत बोटं उमटलेली आहेत. शेकडो. मधोमध तिरक्या तुटलेल्या रेषांची. चारही बाजूंनी पदकाकडे येत गेलेली, रोज आणखी काही.

आणि सगळी पदकापासून एक बोटभर अंतरावर थांबलेली.